पोळा फुटेपर्यंत मुदत

अमरावती आणि अकोला या दोन शहरांत जी कार्यालये, ज्या संस्था, जी उत्सव मंडळे आणि जे छापखाने कलावंतांकडून काम करून घेतात, त्या सर्वांसाठी हा मजकूर आहे.

एका कार्यालयासाठी तो विशेष आहे. ते कार्यालय कोणते, हे त्या कार्यालयाला ठाऊक आहे.

त्याचे नाव आज आम्ही लिहीत नाही. ही सवलत आहे. सवलतीला मुदत असते.

आम्ही कोण, ते एकदा सांगतो.

भिंती रंगवणारे. पाट्या लिहिणारे. शाडूची मूर्ती घडवणारे. लग्नाचे आणि मोर्चाचे फोटो काढणारे. संगणकावर पत्रिका, बॅनर, स्मरणिका मांडणारे. मंचावर वऱ्हाडी कविता म्हणणारे.

अमरावतीच्या राजकमल चौकातून निघा आणि अकोल्याच्या टॉवर चौकात या. वाटेत जे रंगवलेले, लिहिलेले, घडवलेले नजरेला पडेल, त्यातले बरेच आमच्या हातचे आहे. त्याखाली आमचे नाव सापडणार नाही.

दोन्ही शहरांत आमच्या बैठका झाल्या. ठराव एकच झाला. तो पुढे येईल.

आधी संयमाचा हिशेब.

आम्ही निवेदने दिली. आवक क्रमांक घेतले. पोच जपून ठेवली. भेटीची वेळ मागितली. बाहेरच्या बाकावर बसलो. साहेब मीटिंगमध्ये होते. साहेब दौऱ्यावर होते. मग साहेबांची बदली झाली. नव्या साहेबांनी नवे निवेदन मागितले. तेही दिले.

लेखी उत्तर आले नाही. तोंडी आले. ‘निंघते न बिल, कायले घाई करता भाऊ?’

आम्ही घाई केलेली नाही.

२०२२ च्या जूनमध्ये अमरावती-अकोला महामार्गावर लोणी ते माना या टप्प्यात ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अंथरला गेला. गिनीज बुकात त्याची नोंद आहे. म्हणजे या भागात काम वेगाने होऊ शकते. आमच्या एका पानाच्या अर्जावर सही व्हायला किती वेळ लागावा, हे त्यावरून ज्याचे त्याने ठरवावे.

आता तक्रार.

काम देण्याआधी तुम्ही नमुना मागता. ‘दोन-तीन डिझाइन टाका व्हॉट्सअ‍ॅपवर, साहेबांना दाखवतो.’ चित्रकार रात्र घालतो. सकाळी पाठवतो. दोन दिवसांनी निरोप येतो, पसंत पडले नाही.

पुढच्या आठवड्यात तेच चित्र चौकात लटकलेले असते.

रंग थोडा बदललेला. फॉन्ट दुसरा. मेळघाटच्या वाघाचे डावीकडे असलेले तोंड उजवीकडे. कोपऱ्यातली सही गेलेली.

काम दुसऱ्याला दिलेले असते. त्याने ते स्वस्तात केलेले असते. त्याला स्वस्तात परवडले, कारण विचार करण्याचे श्रम त्याला पडले नाहीत. ते आम्ही केले होते. फुकट केले होते.

याला तुमच्याकडे बचत म्हणतात. फाइलवर सर्वांत कमी दराचा शेरा पडतो आणि सगळे नियमात बसते.

भिंतीचे चित्र तुम्ही चौरस फुटावर मोजता. वाघाच्या डोळ्याला आणि मागच्या रिकाम्या आभाळाला एकच दर. त्यावरही आम्ही आजवर बोललो नाही. रंगाऱ्याचा दर घेतला आणि चित्रकाराचे काम दिले.

मूर्तीचे ऐका.

एक माणूस मातीत मूळ मूर्ती घडवतो. सोंडेचे वळण, पोटाची गोलाई, डोळ्यांची आखणी हे त्याच्या हाताचे. कोणी एक मूर्ती विकत नेतो. तिच्यावरून रबराचा साचा काढतो. हंगाम येतो तेव्हा त्याच चेहऱ्याच्या पीओपीच्या मूर्तींचा ढीग बाजारात असतो. मूळ मूर्तिकाराच्या मांडवात गिऱ्हाईक येते आणि म्हणते, अशीच तिकडे अर्ध्यात मिळते.

अशीच नाही. तीच.

पीओपीचे काय करायचे यावर गेली काही वर्षे मंडळे, न्यायालये आणि सरकार बोलत आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सूचना मे २०२० च्या. मुंबई उच्च न्यायालयाचे आदेश २०२५ चे. पाण्याची काळजी झाली. ती व्हायलाच हवी होती. साचा कोणाच्या मूर्तीवरून काढला, हा प्रश्न त्या सगळ्या चर्चेत कोणी विचारला नाही.

फोटोचे तेच. स्मरणिकेत पानभर छापायचा आणि खाली ‘संग्रहित’ लिहायचे. कोणी संग्रहित केला? काढला कोणी?

कवितेचे त्याहून सोपे. कवी मंचावर उभा राहतो. समोर मोबाइल उभे राहतात. सकाळपर्यंत कार्यक्रम कोणाच्या तरी चॅनेलवर जातो. जाहिरातीचे पैसे चॅनेलवाल्याला. कवीला शाल आणि श्रीफळ. पुढच्या गावी कवी पोचतो तेव्हा श्रोत्यांना विनोद पाठ असतात, आणि आयोजक मानधन कमी करतो.

लोगोच्या स्पर्धा तर तुम्हीच भरवता. बक्षीस एकाला. नियमांच्या शेवटच्या ओळीत बारीक अक्षरांत लिहिता की आलेल्या सर्व कलाकृती आयोजकांच्या मालकीच्या राहतील. एका बक्षिसात सगळ्यांचे काम. असा सौदा सरकीच्या बाजारात कोणी केला असता तर अडत्याने त्याला दारात उभे केले नसते.

यावर तुमचे एक ठरलेले उत्तर आहे. ‘फलकच तर आहे. त्यात कसली आली कला?’

कायद्याला हा प्रश्न पडत नाही.

कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्याचे कलम २ वाचा. चित्र, शिल्प, रेखाटन, फोटो यांत कलात्मक गुण असो किंवा नसो, ती कायद्याच्या लेखी कलाकृतीच. दर्जा ठरवायचे काम कायद्याने कोणाला दिलेले नाही. तुम्हालाही नाही.

हक्क निर्माण व्हायला नोंदणी लागत नाही. काम हातून उतरले की हक्क उभा राहतो. नोंदणी हा पुरावा. कलाकृतीसाठी तिचे शुल्क ५०० रुपये आहे. आमच्यातल्या अनेकांनी ते भरायला सुरुवात केली आहे. हे तुम्हाला आम्ही आधी सांगितले नव्हते.

आमचा हक्क कुठवर आहे, तेही सांगतो. त्यापुढे आम्ही जात नाही.

गणपतीवर आमचा हक्क नाही. वाघावर नाही. संत्र्यावर, कपाशीच्या बोंडावर, गाडगेबाबांच्या खराट्यावर नाही. कल्पना कोणाच्या मालकीची नसते. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद यांच्या खटल्यात ते स्पष्ट केले आहे. आमचा हक्क आमच्या हाताने ओढलेल्या रेषेवर आहे. तेवढाच. पण तेवढा पूर्ण.

दुसरी मर्यादा. ती तुमच्या सोयीची आहे, तरी लिहितो.

मोल देऊन करून घेतलेले चित्र किंवा फोटो, वेगळा करार नसेल तर, करून घेणाऱ्याच्या मालकीचा होतो. कलम १७. सरकारने करवून घेतलेल्या कामाचेही तसेच. कायद्याने स्थापन झालेल्या संस्थांचेही तसेच. आमच्यातल्या पुष्कळांना हे माहीत नव्हते. आता आहे. म्हणून पुढे करार असेल.

पण मोल दिलेच नाही, कामाचा आदेश काढलाच नाही, फक्त नमुना मागवला, तर? तर मालकी हललेली नाही. हक्क दुसऱ्याकडे जायचा असेल तर कलम १९ प्रमाणे तो लेखी लागतो आणि त्यावर हक्कदाराची सही लागते. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या दोन निळ्या खुणा म्हणजे सही नव्हे.

शिवाय त्या कागदात मुदत लिहिली नसेल तर हक्क पाचच वर्षांसाठी गेला असे धरले जाते. तुमच्या कपाटात असे किती कागद आहेत ते काढून पाहा. आम्ही आमचे पाहिले आहेत.

आणि सगळे विकले, पैसे मिळाले, सह्या झाल्या, तरी एक गोष्ट विकली जात नाही. नाव.

कलम ५७. मालकी गेली तरी हे काम माझे आहे असे म्हणण्याचा हक्क करणाऱ्याकडेच राहतो. ते काम मोडून-तोडून, त्याच्या लौकिकाला बाध येईल असे वापरले तर दाद मागण्याचा हक्कही त्याच्याकडेच राहतो.

हे पुस्तकातले नाही. घडलेले आहे.

शिल्पकार अमरनाथ सहगल यांना १९५७ मध्ये भारत सरकारने दिल्लीच्या विज्ञान भवनासाठी काम दिले. कांस्याचे प्रचंड भित्तिशिल्प. ते तयार होऊन लागले. देशोदेशीच्या पाहुण्यांनी पाहिले. १९७९ मध्ये नूतनीकरणाच्या नावाखाली ते भिंतीवरून उतरवले गेले. शिल्पकाराला विचारले नाही. कळवलेही नाही. तुकडे गोदामात पडले. काही गहाळ झाले.

सहगलांनी पत्रे लिहिली. उत्तर आले नाही. ही पद्धत तुमच्या ओळखीची असेल.

१९९२ मध्ये ते न्यायालयात गेले. सरकारचे म्हणणे होते की शिल्प सरकारचे, मालकी सरकारची, ठेवू किंवा काढू. २१ फेब्रुवारी २००५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने निकाल दिला. उरलेले शिल्प कलावंताला परत करा. ५ लाख रुपये नुकसानभरपाई द्या.

समोर भारत सरकार होते. तरी हा निकाल लागला. आमच्यासमोर भारत सरकार नाही.

वेळ लागतो, हे आम्ही जाणतो. वेळ आमच्याकडे आहे. तो आम्ही आजवर तुमच्या बाकावर घालवला. यापुढे न्यायालयाच्या बाकावर घालवू.

त्यासाठी दिल्लीला किंवा मुंबईला जावे लागणार नाही. कलम ६२ मुळे दावा जिल्हा न्यायालयात लागतो. हक्कदार जिथे राहतो किंवा धंदा करतो तिथेही लावता येतो. अमरावतीचे न्यायालय अमरावतीत आहे. अकोल्याचे अकोल्यात.

फौजदारी बाजू वेगळी आहे. जाणूनबुजून केलेल्या नकलेला कलम ६३ खाली सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपासून २ लाखांपर्यंत दंड आहे. २० मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निट प्रो इंटरनॅशनलच्या प्रकरणात सांगितले की हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. उपनिरीक्षक दर्जाचा पोलीस अधिकारी वॉरंटाशिवाय नकला जप्त करू शकतो.

साचेवाल्यांनी कलम ६५ स्वतंत्र वाचावे. नक्कल करण्यासाठी प्लेट जवळ बाळगणे हाच गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद. आणि प्लेट या शब्दाच्या व्याख्येत साचा येतो. मूर्ती विकली गेली म्हणून सुटका नाही. साचा घरात असतोच.

‘आम्हाला माहीत नव्हते’ हा बचाव कायद्यात आहे. ज्याला खरोखर माहीत नव्हते, त्याच्यावरची भरपाई मर्यादित होते. फौजदारीत तर जाणूनबुजून हा शब्दच कळीचा आहे.

हा मजकूर त्यासाठीच जाहीर केला आहे. तुम्ही तो इथवर वाचला. आता माहीत नव्हते असे म्हणता येणार नाही.

उगाच धमकावणाऱ्याविरुद्धही दाद मागता येते. कलम ६० आहे. ते वाचूनच आम्ही लिहायला बसलो. ज्याचा कागद आमच्या हातात नाही, त्याच्याविषयी इथे एक ओळ नाही.

आता थोडे आमच्या घरातले.

नक्कल करणारा दरवेळी परका नसतो. इंटरनेटवरून चित्र उचलायचे, कोरलमध्ये ट्रेस करायचे, वॉटरमार्क पुसायचा आणि दर पाडून काम घ्यायचे, हे करणारे आमच्यातच आहेत. त्यांचा हात वापरूनच तुम्ही आम्हाला नाचवले.

फ्लेक्स आले तेव्हा पाटी रंगवणाऱ्यांची अख्खी पिढी घरी बसली. ब्रश सुकले. त्यातले काही संगणक शिकले आणि दुसऱ्याचे उचलू लागले. पोटासाठी केले, हे आम्ही मानतो. पण ते मानून पुढे चालू देणार नाही.

ठराव त्यांनाही लागू आहे. सहकाऱ्याचा नमुना कमी दरात उतरवून देणाऱ्याच्या बाजूने आम्ही उभे राहणार नाही. त्याच्याविरुद्ध साक्ष लागली तर आमच्यातलाच कोणी देईल. कोण देईल, तेही ठरले आहे.

एक साहेब म्हणाले, आता मशीन चित्र काढते, तुमची गरज काय. काढून घ्या. मशीनच्या गाडगेबाबांच्या हाताची बोटे तेवढी मोजून घ्या. त्या यंत्रांचा आणि कॉपीराइटचा वाद दिल्लीत चालू आहे. एएनआय या वृत्तसंस्थेने नोव्हेंबर २०२४ मध्ये ओपनएआयविरुद्ध उच्च न्यायालयात दावा लावला. केंद्राने एप्रिल २०२५ मध्ये समिती नेमली. तिथे काय ठरायचे ते ठरेल. पण आमचे चित्र यंत्राला देऊन ‘असेच काढ’ म्हणणे याला वादाची गरज नाही. ती नक्कलच.

गाडगेबाबांचा विषय निघाला आहे, तर बोलून टाकतो.

ते अमरावती जिल्ह्यातले. शेंडगावचे. स्वच्छतेच्या मोहिमेत भिंत रंगवायची तर तुम्हाला पहिले चित्र त्यांचे हवे असते. खराटा, गाडगे, चिंध्यांचा सदरा. ते चित्र काढणाऱ्या पोराचे बिल तुमच्याकडे अडकलेले असते. बाबा आधी गाव झाडत आणि मग भाकरी घेत. तुम्ही गाव झाडून घेता. भाकरीचे पुढे पाहू म्हणता. त्यांच्या चित्राखाली हे चालते, याची आम्हाला तुमच्याआधी लाज वाटली.

बिलाचे म्हणून स्वतंत्र सांगतो.

२००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे नोंदणीकृत सूक्ष्म उद्योगाचे पैसे करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. दाद मागायला सुविधा परिषद आहे. उद्यम नोंदणीला शुल्क नाही. स्टुडिओ, मूर्तीचा कारखाना, डिझाइनचे दुकान, सगळे त्यात बसते. आमच्या नोंदण्या झाल्या आहेत. पुढचे बिल त्या क्रमांकासह येईल. व्याज आम्ही लावणार नाही. कायदा लावेल.

कोणी विचारेल, एवढ्याशा पाटीसाठी, बॅनरसाठी, एका कवितेसाठी इतके?

उद्धव शेळके अमरावतीत राहून लिहीत. ‘धग’ १९६० ची. मराठीतल्या मोठ्या कादंबऱ्यांत ती धरली जाते. त्या माणसाने लेखणीवर घर चालवायचे ठरवले. मग ‘धग’च्या तोलाचे नसलेलेही ढीगभर लिहावे लागले. पोटासाठी. आपल्याकडे कलावंताला मान मिळतो, मोबदला मिळत नाही. मानाची वेळही बहुधा तो गेल्यावर येते.

सुरेश भट अमरावतीचे. १४ मार्च २००३ ला गेले. लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे चालतो. म्हणजे भटांच्या गझलांवर २०६३ अखेरपर्यंत हक्क आहे. त्यांच्याच गावात त्यांचे शेर बॅनरवर छापले जातात. खाली वाढदिवसाच्या माणसाचे नाव असते, शुभेच्छुकांची नावे असतात, फोटो असतात. भटांचे नाव नसते. ज्यांच्या नावाने महाराष्ट्रात गझल ओळखली जाते, त्यांची ही गत. मग भिंत रंगवणाऱ्याने कोणाकडे पाहायचे?

कोल्हापूरच्या चपलेसाठी सारा महाराष्ट्र बोलला. २०१९ पासून तिला भौगोलिक मानांकन. जून २०२५ मध्ये मिलानच्या मंचावर प्राडाने तसाच जोड दाखवला. नाव घेतले नाही. ओरड झाली, मग घेतले. त्या प्रकरणातला एक भाग फारसा कोणी लक्षात ठेवला नाही. जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने जनहित याचिका फेटाळली. याचिका वकिलांची होती. ज्यांचा नोंदलेला हक्क, त्यांनी यावे, असा त्याचा अर्थ.

आम्ही तो अर्थ घेतला आहे. आमच्यासाठी दुसरा कोणी येणार नाही. आम्हीच येत आहोत.

ठराव असा.

पोळा फुटेल त्या संध्याकाळी मुदत संपेल.

तोवर प्रत्येक कार्यालयाने आणि मंडळाने लेखी कळवायचे आहे की यापुढे नमुना मागितला तर त्याचे पैसे दिले जातील, आणि नापसंत नमुना परत केला जाईल, वापरला जाणार नाही. काम सुरू होण्याआधी करार होईल. करारात मुदत, मोबदला आणि वापराची जागा लिहिलेली असेल. चित्राखाली, मूर्तीच्या पाटावर, फोटोच्या कडेला करणाऱ्याचे नाव राहील. स्पर्धेत हरलेल्याचे काम हरलेल्याकडेच राहील. अडकलेली बिले निघतील.

यात नवे काही नाही. बहुतेक कायद्यात आहेच. तुम्ही ते पाळाल, एवढेच लिहून मागतो आहोत.

जे कळवतील त्यांचे काम होईल. वेळेत होईल. नेहमीपेक्षा चांगले होईल.

जे कळवणार नाहीत, त्यांचे होणार नाही.

पोळ्यानंतर चार दिवसांत गणपती बसतात. मग नवरात्र. मग दसरा, दिवाळी. कमानी लागतात, देखावे लागतात, फलक लागतात, स्मरणिका लागतात, फोटो लागतात. हे सगळे कोणाच्या हातून होते, ते यंदा कळेल.

कावड यात्रा यात धरलेली नाही. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी पूर्णेचे पाणी राजराजेश्वराला जाते. तिथे आमचे हात नेहमीसारखे लागतील. देवाशी आमचा वाद नाही.

बाहेरून माणसे आणाल, हा विचार तुमच्या मनात येईल. आणा. वऱ्हाडाबाहेरच्या आमच्या भाऊबंदांना पत्रे आधीच गेली आहेत. उत्तरे आली आहेत. लेखी.

मुदत संपल्यावर पहिल्यांदा माहिती अधिकाराचे अर्ज जातील. कोणत्या फलकाचे बिल कोणाच्या नावे निघाले, त्याचे मूळ चित्र कोणी दिले, कोणत्या तारखेला. दहा रुपयांचा अर्ज, ३० दिवसांची मुदत. ती मुदत तुम्हाला आहे, आम्हाला नाही.

त्यानंतर नोटिसा. त्यानंतर दावे. जिथे साचे आहेत तिथे फिर्यादी. मूळ फाइली, त्यांच्या तारखा, पाठवलेले संदेश, चौकातल्या फलकांचे फोटो, हे सगळे वकिलांकडे क्रमाने लावून दिलेले आहे.

रस्ता अडवणार नाही. काच फोडणार नाही. फलकाला काळे फासणार नाही. तुम्हाला त्याची सवय आहे. दोन दिवसांत ते विझते, हे तुम्ही जाणता. म्हणून तसे करणार नाही.

फक्त फलकापुढे उभे राहू आणि हे कोणाचे आहे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू. मूळ चित्र हातात असेल.

ज्या कार्यालयाचे नाव आज लिहिले नाही, त्याच्यासाठी शेवटचे. तुमच्या दारातली भिंत आमच्यातल्या एकाची आहे. प्रवेशद्वारावरचे बोधचिन्ह दुसऱ्याचे. दोन्हींचे कागद आमच्याकडे आहेत. तुमच्याकडे नाहीत.

उत्तर लेखी द्यावे. सही आणि शिक्क्यासह. जावक क्रमांक टाकून. कोणाच्या हाती पाठवलेला निरोप, फोनवरचे आश्वासन किंवा चहाचे बोलावणे उत्तर म्हणून धरले जाणार नाही.